फटकळ बाईचं पुढे काय होतं

आमच्या घरात प्रत्येकाला लहानपणीच एकेक विशेषण चिकटलं होतं. दादा समजूतदार, धाकटी बहीण हळवी आणि मी फटकळ. ‘आत्यावर गेलीय’ एवढं म्हटलं की विषय मिटायचा. आत्याला मी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे ते खरं की खोटं हे तपासायची सोयही नव्हती. पुढे शाळेत, कॉलेजात, नोकरीत, सासरी, जिथे गेले तिथे हे विशेषण माझ्याआधी पोचलेलं असायचं. मला त्याचं वाईट वाटायचं असं कुणी समजू नये. मी ते मिरवायचे. ‘मी तोंडावर बोलते, पाठीमागे नाही’, ‘माझ्या मनात काही राहत नाही’, ‘एकदा बोलून मोकळी होते’ ही माझी ठेवणीतली वाक्यं, आणि ती म्हणताना मान जरा ताठच व्हायची.

फायदेही होते. कुठे तक्रार करायची असली, अडलेले पैसे मागायचे असले, एखाद्या मुजोर माणसाला दोन शब्द सुनवायचे असले की सगळे मला पुढे करायचे. ‘तू बोल, तुझ्यापुढे कुणाचं काही चालत नाही.’ आणि ज्या कामांना मऊ जीभ लागते ती आपोआप दुसऱ्याकडे जायची. कुणाकडे दुःखाचा प्रसंग आला की भेटायला धाकटी. कुणाची समजूत काढायची असली की दादा. मला ते जमत नाही हे सगळ्यांनी, माझ्यासकट, इतकं गृहीत धरलं होतं की ते करून बघायची वेळच माझ्यावर आली नाही. विशेषण माणसाला कशाकशातून सूट देतं, याचा हिशेब सहसा कुणी मांडत नाही.

बदलाची सुरुवात झाली ती निव्वळ कामाच्या गरजेतून. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. घरातलं कुणी रडलं नव्हतं, कुणी सोडून गेलं नव्हतं. मी अंतर्गत लेखापरीक्षणात आहे. आपल्याच संस्थेची खरेदी, साठा, देयकं तपासायची, तफावत दिसली की आक्षेप काढायचा, खुलासा मागवायचा. फटकळ माणसाला याहून सोयीचं काम शोधून सापडणार नाही. चुका काढायचा पगार मिळतो. माझे अहवाल कडक असत आणि त्याचं कौतुकच होत आलं होतं. मग आमच्या विभागप्रमुख बदलल्या. नव्या मॅडमनी माझे मागचे अहवाल काढून समोर ठेवले आणि एकच गोष्ट दाखवली. त्यातला प्रत्येक आक्षेप कागदांतून निघाला होता. कुणी आपणहून येऊन सांगितलेलं त्यात काहीच नव्हतं. बाकीच्या सहकाऱ्यांच्या अहवालांत असं थोडंफार असायचं; भांडारातलं कुणीतरी हळूच काही सांगून गेलेलं, एखाद्या कारकुनाने आपली चूक आपणच दाखवून दिलेली. ‘तुमच्याकडे लोक येत नाहीत,’ मॅडम म्हणाल्या, ‘आणि लोक आले नाहीत तर अर्धं ऑडिट होतच नाही.’

आमच्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत असतं. असोसिएशन ऑफ सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्स ही गैरव्यवहार शोधणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिच्या २०२४च्या अहवालात अभ्यासलेल्या प्रकरणांपैकी ४३ टक्के प्रकरणं कुणीतरी दिलेल्या खबरीमुळे उघडकीला आली होती, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक खबरी नोकरीतल्याच माणसांनी दिल्या होत्या. अंतर्गत लेखापरीक्षणाने पकडलेली प्रकरणं त्याच्या कितीतरी खाली. हा आकडा मी प्रशिक्षणात नव्या मुलांना सांगत असे. आता तो माझ्याच अहवालांना लावून दाखवला जात होता, आणि आकड्याशी भांडता येत नाही.

ओळखीतून एका समुपदेशक बाईंचं नाव मिळालं. पहिल्याच भेटीत मी त्यांना सांगून टाकलं, की मला शांत वगैरे व्हायचं नाहीये, माझा स्वभाव मला पसंत आहे, फक्त लोकांनी माझ्याशी बोललं पाहिजे. त्यांनी वाद घातला नाही. १ ते २० आकडे घातलेला एक कागद पुढे केला आणि ‘मी कोण आहे?’ या प्रश्नाची वीस उत्तरं भराभर लिहायला सांगितली. ही चाचणी जुनी आहे. आयोवा विद्यापीठातल्या मॅनफर्ड कून आणि थॉमस मॅकपार्टलंड या समाजशास्त्रज्ञांनी ती १९५४मध्ये मांडली. त्यांना असं दिसलं, की माणसं आधी नाती, व्यवसाय, समाजातल्या जागा लिहून काढतात. त्या संपल्या की मग स्वभाव आणि आवडीनिवडी येतात.

माझंही तसंच झालं. आई, बायको, मुलगी, बहीण, ऑडिटर. ते संपल्यावर पेन अडलं, आणि मग धडाधड सुटलं. मला दिरंगाई खपत नाही. मला ढोंग चालत नाही. मी कुणाची भीड ठेवत नाही. मी खोटं कौतुक करत नाही. बाईंनी कागद वाचला आणि विचारलं, ‘समोर दुसरं कुणी नसताना यातलं कुठलं वाक्य खरं राहतं?’

मला राग आला होता हे खरं, पण प्रश्न बिनतोड होता. रिकाम्या खोलीत मी फटकळ नसतेच. फटकळ व्हायला समोर कुणीतरी चुकावं लागतं. ज्या गोष्टीला मी इतकी वर्षं माझा गाभा समजत होते, तिला रोज दुसऱ्याच्या चुकीचा पुरवठा लागत होता.

तरी मी माघार घेतली नाही. ‘स्वभावाला औषध नाही,’ मी म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही ऑडिटर आहात ना? मग या वाक्याला पुरावा काय ते बघा.’ माझ्यासारखीला हे सांगणं म्हणजे आयतं काम देणं. मी वाचत सुटले. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९०मध्ये लिहून ठेवलंय, की तिशीपर्यंत बहुतेकांचा स्वभाव प्लास्टरसारखा घट्ट होतो आणि पुन्हा मऊ होत नाही. वाचून बरं वाटलं. पण पुढचा पुरावा माझ्या बाजूने येईना. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये, माणसांचा वर्षानुवर्षं माग ठेवलेल्या ९२ गटांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा तिशीनंतरही स्वभाव बदलत राहतो असं निघालं. २०१७मध्ये त्यांनी आणखी २०७ अभ्यास तपासले. उपचार किंवा समुपदेशन घेतलेल्यांच्या स्वभावात सरासरी २४ आठवड्यांत मोजता येण्याजोगा फरक पडला होता, आणि सगळ्यांत जास्त फरक भावनिक स्थैर्यात होता. माझं दुखणं नेमकं तिथलं.

या अभ्यासांवर माझे शेरे आहेतच. बरीचशी मोजमापं माणसांनी स्वतःबद्दल भरलेल्या प्रश्नावल्यांवरून केलेली असतात, आणि ज्याचं खातं त्यानेच तपासलेलं मी कामावर कधी मान्य करणार नाही. शिवाय फरक मध्यम आकाराचा असतो. माणूस उलटापालटा होत नाही. पण स्वभाव अजिबात हलत नाही, हे विधान टिकत नव्हतं. नेथन हडसन आणि सहकाऱ्यांचा २०१९चा एक अभ्यास मला विशेष पटला. ३७७ विद्यार्थ्यांना १५ आठवडे छोटी छोटी आव्हानं निवडायला दिली होती; अनोळखी माणसाशी बोलणं, वेळेआधी पोचणं अशा तऱ्हेची. ज्यांनी ती प्रत्यक्ष पार पाडली ते बदलले. ज्यांनी नुसतीच स्वीकारली त्यांच्या पदरात काही पडलं नाही. संकल्पाला शून्य गुण देणारा हा निकाल ऑडिटरच्या मनाला बरा वाटतो.

मग वही आली. रकाने असे: वेळ, प्रसंग, समोर कोण, अंगात काय झालं, तोंडून काय गेलं, आणि त्याच्या अगदी आधी काय वाटलं होतं. शेवटचा रकाना सगळ्यांत अवघड. सुरुवातीला तिथे सगळीकडे ‘राग’ एवढंच लिहिलेलं आहे. बाई म्हणायच्या, रागाच्या आधीचं लिहा. हळूहळू तिथे दुसऱ्या नोंदी यायला लागल्या. उशीर होईल ही धास्ती. मला न विचारता ठरवलं याचा अपमान. आणि एक वारंवार येणारी, जी लिहिताना हात जड व्हायचा: हे मला माहीत नव्हतं. समोरच्याने मला ठाऊक नसलेलं काही सांगितलं, की पुढच्या क्षणी मी त्याच्या एखाद्या बारीकशा चुकीवर झडप घातलेली असायची.

पण मला खरा हादरा बसला तो ‘समोर कोण’ या रकान्याने. काही आठवड्यांच्या नोंदी जमल्यावर मी सवयीने बेरजा केल्या. कनिष्ठ सहकारी, नवरा, मुलगी, आई, धाकटी बहीण. वरिष्ठांच्या नावापुढे जवळपास काहीच नाही. चुका काय तेच करत नव्हते? मॅडमच्या आधीच्या साहेबांनी माझा एक रास्त आक्षेप गाळायला लावला होता, तेव्हा मी अत्यंत सभ्य भाषेत एक टिपण लिहून गप्प बसले होते. म्हणजे ज्याला मी स्वभाव म्हणत होते तो वरच्या मजल्यावर गेला की रजा घेत होता. ‘मी कुणाची भीड ठेवत नाही’ हे वाक्य माझ्याच वहीने नामंजूर केलं. जेम्स अॅव्हरिल या मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या सुमारास माणसांकडून रोजच्या रागाच्या नोंदी लिहून घेतल्या होत्या. त्यांतही राग बहुतेक वेळा ओळखीच्या आणि जवळच्या माणसांवर निघालेला दिसतो. मी काही वेगळी नव्हते, हा दिलासा की अपमान, ते मला ठरवता येईना.

‘बोलून मोकळी होते’ हे दुसरं वाक्यही असंच पडलं. राग बाहेर काढला की निचरा होतो, ही समजूत किती पक्की आहे आपली! ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने २००२मध्ये ६०० विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. आधी त्यांच्या निबंधावर खोचक टीका करून त्यांना चिडवलं. मग एका गटाला चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर गुद्दे मारायला लावले, दुसऱ्याला व्यायाम म्हणून मारायला सांगितलं आणि तिसऱ्याला नुसतं बसवून ठेवलं. पहिला गट नंतर सगळ्यांत जास्त चिडलेला होता. काहीच न केलेल्यांचा राग त्यांच्याहून कमी. २०२४मध्ये एका सहकारी संशोधिकेबरोबर त्याने १५४ अभ्यास आणि १०,१८९ माणसांचा आढावा घेतला. अंगातली खळबळ उतरवणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे संथ श्वास, ध्यान, स्नायू सैल सोडणं यांनी, राग उतरतो. खळबळ वाढवणाऱ्यांनी एकंदरीत उतरत नाही, आणि पळण्याने तर वाढू शकतो. माझी वहीही तेच सांगत होती. मी बोलून मोकळी झाले असं ज्या दिवशी वाटलं, त्या दिवशीच्या पुढच्या नोंदी जास्त होत्या.

इथवर सगळं तपासणीचं काम होतं आणि ते मला येतं. करायची वेळ आली तेव्हा बाईंनी एकच वाक्य ठरवायला सांगितलं, ‘जर अमुक झालं तर मी तमुक करीन’ या साच्यातलं. पीटर गोलवित्झर या संशोधकाचं १९९०च्या दशकातलं हे काम आहे: नुसत्या ‘मी शांत राहीन’ या इराद्यापेक्षा, कुठल्या खुणेवर नेमकं काय करायचं हे आधी बांधून ठेवलं तर ते हातून घडण्याची शक्यता वाढते. माझं वाक्य ठरलं: समोरच्याची चूक दिसली तर आधी एक प्रश्न विचारीन.

वाटलं, यात काय मोठंसं. पहिल्याच दिवशी कळलं, की माझे प्रश्न हे प्रश्नच नव्हते. ‘असं का केलंस?’, ‘हे तुला कळायला नको का?’, ‘कितीदा सांगायचं?’ शेवटी प्रश्नचिन्ह असलं तरी या सगळ्या चपराकाच. मग मी वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहून काढायला घेतले. ज्याचं उत्तर मला खरोखर माहीत नाही तोच प्रश्न चालेल, एवढा नियम. ‘का’ शक्यतो गाळायचा, कारण माझ्या तोंडी ‘का’ आला की मागून आरोप येतोच. ‘हे कसं घडत गेलं, सुरुवातीपासून सांग.’ ‘या टप्प्यावर तुझ्याकडे कोणती माहिती होती?’ ‘माझ्याकडून काय मिळालं असतं तर सोपं गेलं असतं?’ हा शेवटचा प्रश्न विचारायला जीभ तयार होईना. तो मी प्रथम विचारला तेव्हा समोरचा मुलगा आधी घाबरला. त्याला वाटलं हा सापळा आहे. मालाच्या नोंदवहीत पावतीच्या तारखा मागेपुढे होत्या. जुनी मी तिथेच आक्षेप लिहून बाहेर पडली असती. तो चाचरत म्हणाला, की माल येतो संध्याकाळी, सही करणारे तेव्हा निघून गेलेले असतात, म्हणून दुसऱ्या दिवशीची तारीख पडते, आणि मधल्या रात्रीचा माल कुणाच्याच ताब्यात नसतो. आक्षेप निघालाच. पण तो त्या मुलाच्या नावावर न निघता पद्धतीवर निघाला, आणि आधीच्यापेक्षा जड निघाला.

घरी इतकं सरळ गेलं नाही. मुलगी एक दिवस म्हणाली, की हा अभ्यासक्रम सोडावासा वाटतोय. मी वाक्य आठवून, श्वास घेऊन विचारलं, ‘कधीपासून वाटतंय तुला असं?’ तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. ‘आई, तू बरी आहेस ना?’ म्हणाली आणि उठून गेली. सगळी हकीकत तिने नेहमीप्रमाणे बाबालाच सांगितली. तो मला सांगताना म्हणाला, ‘तिला वाटलं तुला आधीच कुणीतरी सांगितलंय आणि तू नाटक करतेयस.’

नाटक तर मी करतच होते! हाच माझा सगळ्यात मोठा आक्षेप होता. मी आयुष्यभर ढोंगाला नावं ठेवलेली, आणि आता ठरवून आवाज खाली, ठरवून प्रश्न. बाईंना मी म्हटलं, की ही मी नाहीच. त्यांचं म्हणणं होतं, की थांबा आणि बघा. डॅरिल बेम या मानसशास्त्रज्ञाने १९७२मध्ये सविस्तर मांडलेला एक विचार त्यांनी सांगितला: आपण कोण आहोत हे आपल्याला आतूनच कळत असतं असं नाही, पुष्कळदा आपण स्वतःचं वागणं बाहेरच्या माणसासारखं बघतो आणि त्यावरून स्वतःबद्दल अनुमान काढतो. ‘मी तापट दिसते तर मी तापट असणार.’ मग तापटपणाही कधीतरी असाच बघून बघून ठरलेला असेल, तर प्रश्न विचारणाऱ्या बाईचं अनुमान जमायलाही वेळ द्यायला हवा. पटलं असं म्हणणार नाही, पण खोडून काढता आलं नाही. वेळ किती द्यायचा याचं उत्तर मला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात मिळालं. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ९६ जणांनी एकेक साधी सवय लावून घ्यायचा प्रयत्न केला. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसागणिक अंदाज १८ ते २५४ दिवस. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नव्हतं. एकवीस दिवसांत नवा माणूस करून देणाऱ्यांनी हे वाचावं.

मधले काही महिने मात्र विचित्र गेले, आणि त्याबद्दल आधी कुणी सांगितलं नव्हतं. जुनी मी मोडली होती आणि नवी कुणी तयार नव्हती. चारचौघांत बसले की मला काय बोलावं ते सुचेना. माझा विनोद म्हणजे टोमणा. टोमणे वजा केल्यावर माझ्याकडे विनोदच शिल्लक नव्हता. मतं होती, पण ती मांडायची एकच तऱ्हा हातात होती. एका बैठकीत सगळे माझ्याकडे बघत होते, मी आता कुणाला तरी फाडून खाईन म्हणून. मी दोन प्रश्न विचारले आणि थांबले. बाहेर आल्यावर एक सहकारी चक्क नाराजीने म्हणाला, ‘तुम्ही बोलायला हवं होतं. आमच्या वतीने कोण बोलणार आता?’ तेव्हा कळलं, की इतरांना मी त्यांच्या वाटचं भांडायला हवी होते. तोंड माझं वाईट व्हायचं, काम त्यांचं व्हायचं.

घरच्यांचंही तेच. आई फोनवर विचारी, ‘आवाज का असा? तब्येत बरी नाही का?’ नवऱ्याला माझ्या शांतपणाची सवय नसल्याने तो आतल्या आत वादळाची वाट बघत बसायचा, आणि शेवटी तोच म्हणायचा, ‘काय असेल ते एकदा बोलून टाक बाई.’ मला राग यायचा त्याहून जास्त मोह व्हायचा. एक जुनी मैत्रीण आहे, जी दर भेटीत म्हणते, ‘तू काय सुधारणार नाहीस!’ त्या दिवसांत मी मुद्दाम तिच्याकडे जायचे. तिच्यासोबत चार लोकांची सालटी काढली की घरी परत आल्यासारखं वाटायचं. विल्यम स्वान या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकापासून हाच विषय लावून धरला आहे: माणसाला आपल्याबद्दलची आपली समजूत इतरांकडून पक्की करून हवी असते, समजूत वाईट असली तरीही. कुणी चांगलं म्हटलं तर आनंद होतो, पण ओळखीचं म्हटलं तर जिवाला स्वस्थता वाटते.

एक शंका मला तेव्हाही होती आणि अजून पुरती गेलेली नाही. दादाने माझ्यासारखं केलं असतं तर त्याला करारी म्हटलं असतं. बाईने मात्र सौम्य व्हायचं आणि त्याला प्रगती म्हणायचं, यात काहीतरी गडबड आहे. समुपदेशक बाईंनी हे मान्य केलं, टोलवलं नाही. म्हणून मी एक ठरवलं. आवाज खाली आणायचा, पण आक्षेपाची धार बोथट होऊ द्यायची नाही. आणि जिथे माझा फटकळपणा रजेवर जायचा, तिथे त्याला कामावर बोलवायचं. वर्षअखेरीच्या आढाव्यात एका वरिष्ठांनी एक परिच्छेद सौम्य करायला सांगितला, तेव्हा मी सगळ्यांसमोर, बसल्या जागेवरून सांगितलं, की तो आहे तसाच जाईल आणि हवं तर त्याखाली त्यांचा खुलासा जोडू. आवाज चढला नाही. हात मात्र टेबलाखाली थरथरत होते. इतकी वर्षं तोंडावर बोलणारी म्हणून प्रसिद्ध असलेली मी, त्या दिवशी पहिल्यांदा तोंडावर बोलले.

त्यानंतर मागच्या गोष्टी वेगळ्या दिसायला लागल्या. आमच्या घरात माझी एक दंतकथा आहे: दुसरीत असताना मी बाईंना वर्गात उलट उत्तर दिलं आणि सगळा वर्ग गार पडला. ही कथा प्रत्येक पाहुण्याला ऐकवली गेली आहे. मी आईला म्हटलं, जरा सगळी सांग बघू, आधी काय झालं होतं? आई आठवत आठवत म्हणाली, ‘त्याच्या आधी तुला दोन दिवस ताप होता. गृहपाठ झाला नव्हता. सकाळी शाळेत जायचं नाही म्हणून दाराला धरून रडत होतीस.’ म्हणजे त्या कथेतली शूर मुलगी घाबरलेली होती. आईची आठवणही किती अचूक असेल देव जाणे. इतक्या वर्षांनी साक्षीदार फिरतात. पण कथेत तापाची भर पडल्यावर ती पाहुण्यांना सांगण्यासारखी उरली नाही. डॅन मॅकअॅडम्स हे मानसशास्त्रज्ञ म्हणतात, की आपली ओळख ही आपण स्वतःच्या आयुष्याची रचत आलेली गोष्ट असते. माझ्या अनुभवात गोष्ट सगळ्यात शेवटी बदलली. आधी प्रश्न बदलले, मग लोक माझ्याशी बोलायला लागले, मग त्या बोलण्यातून मला काही नव्या गोष्टी जमतात हे दिसलं, आणि नंतर कधीतरी जुनी कथा अपुरी वाटली. आधी स्वतःचा शोध घ्या, मग तसं वागा, असा सल्ला मला कुणी दिला असता तर मी अजून शोधतच बसले असते.

माझ्याकडे आता लोक येतात का? येतात, थोडे. मागच्या वर्षीच्या अहवालात आपणहून सांगितलेल्या बाबी आहेत. मुलगी अजूनही आधी बाबाला सांगते, पण आता मी शेजारी बसलेली चालते तिला. दुःखाच्या घरी मी एकटी जाऊन आले. काय बोलावं ते कळेना, म्हणून बराच वेळ नुसती बसले, आणि तेवढं पुरलं. जॉर्डी क्वॉइडबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन यांनी २०१३मध्ये १८ ते ६८ वयाच्या १९,००० हून अधिक माणसांकडून माहिती घेतली होती. प्रत्येक वयाची माणसं सांगत होती, की गेल्या दहा वर्षांत आम्ही पुष्कळ बदललो, पण पुढच्या दहा वर्षांत फारसे बदलणार नाही. त्यामुळे ‘आता मी झाले’ असं म्हणायची मला भीती वाटते.

सगळीकडे जमलंय असंही नाही. दादाशी अजिबात जमत नाही. त्याच्या दारात पाऊल टाकलं की वाक्य, प्रश्न, श्वास, सगळं उंबऱ्याबाहेर राहतं आणि पाचव्या मिनिटाला आम्ही शाळकरी वयात असतो. सवयी जागेला आणि माणसांना बांधलेल्या असतात, त्यामुळे तिथे सगळं पहिल्यापासून करावं लागणार, असं बाई म्हणतात. म्हणून हल्ली मी त्याला बाहेर फिरायला बोलावते. परवा तो त्याच्या ठरलेल्या विषयावर आला, मी ठरलेला प्रश्न विचारला. तो थांबला, माझ्याकडे बघत म्हणाला, ‘अगं, तूच असं करायला लागलीस तर मी भांडू कुणाशी?’

‘तुझं तू बघ,’ मी म्हटलं. हे उत्तर वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं ते मात्र ठरेना.